पुण्याची लोकसंख्या किती? आधी कुठलं पुणे ते ठरवू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाघोलीत ६४० फ्लॅटची सोसायटी, पाणी बहुतांश टँकरचं. महापालिकेकडे अर्ज करायचा म्हणून परिसराची लोकसंख्या शोधायला बसलात, तर पुण्याचेच आकडे एकमेकांशी जुळेनात. कुठे ३१ लाख, कुठे ५० लाख, कुठे ९४ लाख, तर कुठे ७० लाखांच्या वर. यातला खरा कोणता, एवढी माणसं आली कुठून, आणि २०४१ पर्यंत किती होतील, असं तुम्ही विचारलंय. पाणीयोजना आणि विकास आराखडे यांच्यासाठी लोकसंख्येचे अंदाज बांधणं हे माझं पंचवीसेक वर्षांचं काम, आणि त्यातलं बरंचसं पुणे जिल्ह्यातच झालं. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुमच्या चारपैकी तीन आकडे मोजलेले आहेत आणि तिन्ही खरे आहेत. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या तेव्हाच्या हद्दीत ३१,२४,४५८ माणसं होती. पिंपरी-चिंचवड, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कॅन्टोन्मेंट आणि लगतचा शहरी भाग धरला की ‘पुणे नागरी समूह’ होतो, त्याची लोकसंख्या ५०,५७,७०९. आणि जिल्ह्याची ९४,२९,४०८. त्यात इंदापूरचा ऊसवाला शेतकरीही आला आणि भीमाशंकरच्या बाजूचा आदिवासी पाडाही. चौथा, सत्तर लाखांचा आकडा मात्र कुणी घरोघर जाऊन मोजलेला नाही. संकेतस्थळांवर दिसणारा हा आकडा बहुधा संयुक्त राष्ट्रांच्या नागरीकरणाच्या अंदाजांतून उचललेला असतो. जुन्या जनगणनांची वाढ पुढे ओढून तो काढतात. अंदाज म्हणून तो चुकीचा नाही, पण त्याच्या आधारावर पाण्याची लाइन टाकता येत नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाची गोष्ट ही की पहिल्या, ३१ लाखांच्या आकड्यात वाघोली नाहीच. तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती.

पुण्याबद्दल बोलताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत महापालिकेची लोकसंख्या साधारण १५.६७ लाखांवरून २५.३८ लाखांवर गेली, म्हणजे ६२ टक्के वाढ. पुढच्या दहा वर्षांत ती २३ टक्केच झाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून पुण्याची वाढ मंदावली, असा निष्कर्ष मी कितीतरी सादरीकरणांत पाहिला आहे. प्रत्यक्षात १९९७ मध्ये हद्दीलगतची ३८ गावं महापालिकेत आली (त्यातली काही पुढे वगळली), आणि त्या गावांतली आधीपासूनची माणसं एका अधिसूचनेने ‘पुणेकर’ झाली. २००१ नंतर उलटं झालं. हद्द जागेवर राहिली आणि वाढच हद्दीबाहेर गेली. उंड्री, पिसोळी, नऱ्हे, मांजरी, बावधन, सूस आणि तुमची वाघोली. जमीन स्वस्त, परवानगीचे नियम वेगळे, आणि खराडी-हडपसर दुचाकीवर गाठता येईल एवढ्या अंतरावर.

मग हद्द पुन्हा माणसांच्या मागे धावली. २०१७ मध्ये ११ गावं आली, ३० जून २०२१ ला आणखी २३ आली. त्यात वाघोलीही आली, आणि क्षेत्रफळात पुणे महापालिका मुंबईच्याही पुढे गेली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली. म्हणजे २०११ चा आणि पुढच्या जनगणनेचा ‘पुणे महापालिका’ हा आकडा सरळ एकाखाली एक लिहून टक्केवारी काढली, तर ती बऱ्याच प्रमाणात हद्दीची वाढ असेल. आजच्या हद्दीतल्या प्रत्येक गावाचा २०११ चा आकडा शोधून आधी बेरीज करायची आणि मगच तुलना करायची. काम किचकट आहे, गावनिहाय तक्ते चाळावे लागतात, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

जिल्ह्याची हद्द अशी हलत नाही, म्हणून मी नेहमी तिथून सुरुवात करते. २००१ मध्ये जिल्ह्यात ७२,३२,५५५ माणसं होती. दहा वर्षांत जवळजवळ २२ लाखांची भर पडली. त्यातली नागरी समूहातली भर सुमारे १३ लाख. उरलेले नऊ लाख, म्हणजे दर पाचांतले दोन, ज्याला आपण तेव्हा शहर म्हणत होतो त्याच्या बाहेर वाढले. काही बारामती-दौंडसारख्या गावांत, पण बरेचसे चाकण, तळेगाव, रांजणगाव, नगर रस्ता, सोलापूर रस्ता या पट्ट्यांत. २०१५ मध्ये पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, स्थापन झालं ते याच पट्ट्याचं नियोजन करायला. माणसं मात्र त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच राहायला आलेली होती.

आता एवढी माणसं आली कुठून. ढोबळ हिशेब तुम्हीही करू शकता. त्या दशकात महाराष्ट्रात दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण १९ जन्म आणि ७ मृत्यू होत होते. फरक बाराचा, म्हणजे दहा वर्षांत बारा-तेरा टक्के. बाहेरून कुणी आलं नसतं आणि इथलं कुणी गेलं नसतं, तर पुणे जिल्हा तेवढाच वाढला असता. वाढला तो ३०.३७ टक्के. अर्ध्याहून जास्त वाढ स्थलांतराची. दुसरं टोक त्याच जनगणनेत दिसतं. रत्नागिरीची लोकसंख्या ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची २.२ टक्क्यांनी घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, पुणे जिल्ह्यात ९१५. कोकणातले पुरुष मुख्यतः मुंबई-ठाण्याला गेले, पण कारभार तोच. एका जिल्ह्याच्या तक्त्यातून कमी झालेला कमावता हात दुसऱ्याच्या तक्त्यात दिसतो.

तुमच्या प्रश्नात ‘बाहेरचे’ असा शब्द आलाय, म्हणून स्पष्टच लिहिते. पुण्यात आलेल्यांत सर्वाधिक माणसं महाराष्ट्रातलीच आहेत. सोलापूर, अहिल्यानगर, सातारा, बीड, लातूर, धाराशिव. दुष्काळी तालुक्यातून एमआयडीसीत आलेला मुलगा, त्याच्या मागून आलेला धाकटा भाऊ, मग आईवडील. उत्तर भारतातून, कर्नाटकातून आलेलेही पुष्कळ आहेत, बांधकामावर तर जास्तच. पण संपूर्ण वाढ त्यांच्या माथी मारणं आकड्यांना धरून नाही. आणखी एक पाहा. जनगणनेच्या व्याख्येत मुळशीतून लग्न होऊन कोथरूडला आलेली मुलगीही स्थलांतरितच असते. देशातल्या बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न आहे. त्यामुळे ‘पुण्यात इतके लाख स्थलांतरित’ असा मथळा दिसला की त्यात ही मुलगी धरली आहे का, एवढं आधी पाहावं.

मोजणी कुठे चुकते ते मला कागदावर कळलं नाही, ते चाकणजवळच्या एका गावात कळलं. एका पाणीयोजनेसाठी मी मतदार यादी आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ (मिळकतींची नोंदवही) घेऊन अंदाज केला होता. यादीतली मतदारसंख्या फारशी वाढलेली नव्हती, म्हणून वाढही बेताची धरली. मग गावात गेले. नमुना ८ वर जी एक मिळकत होती, तिच्या मागे दोन ओळींत बावीस खोल्या निघाल्या. पत्रा, समोर सामाईक मोरी, प्रत्येक खोलीत तीन-चार पोरं, सगळी कंपनीत कंत्राटी. एका खोलीत तर दोन गाद्यांवर चार जण. दोघे रात्रपाळीला गेले की दुसरे दोघे झोपायचे. घरमालक म्हणाले, “मॅडम, ह्यांची मतं गावाकडं, ह्यांचं रेशन गावाकडं, पाणी तेवढं आमच्या विहिरीचं.” त्या वाक्याने माझ्या कामाची पद्धत बदलली. अंदाज पुन्हा केला, तो पहिल्याच्या दुपटीहून जास्त आला. तेव्हापासून मी वीजजोड, गॅस सिलिंडरची विक्री, किराणा दुकानांची संख्या, शाळेचा पट, उपग्रह छायाचित्रातली छपरं असं सगळं शेजारी ठेवते. एकटा कुठलाच आकडा पुरा पडत नाही.

शहराच्या मधोमधही असंच आहे. सदाशिव, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं ‘कॉट बेसिस’वर राहतात. खोली नव्हे, कॉट भाड्याने. वाड्यांतली, जुन्या इमारतींतली कुटुंबं सिंहगड रस्त्याला, कोथरूडला, वारज्याला गेली, आणि त्यांच्या जागी क्लास, अभ्यासिका, खानावळी आणि या कॉट आल्या. मोजणीच्या वेळी विचारलं की ही मुलं म्हणतात, “आमचं नाव गावी आहे.” नियम खरं तर वेगळा आहे. जनगणनेत माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो. आधार, मतदार यादी, सातबारा यांचा त्याच्याशी संबंध नाही. चार वर्षं पुण्याचं पाणी पिणारा मुलगा करमाळ्यात मोजला गेला, तर पुण्यात एका माणसाची सोय कमी होते आणि करमाळ्यात नसलेल्या माणसाची धरली जाते.

आता आणखी एक आकडा. तुम्ही तो विचारला नाही, पण तो सोडून मला पुढे जाता येत नाही. एकूण लोकसंख्येत पुरुष जास्त दिसतात, त्याचं कारण कारखान्यांत एकटी आलेली मुलं, हे समजण्यासारखं आहे. पण शून्य ते सहा वयोगटात २०११ मध्ये पुणे जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८८३ मुली होत्या. २००१ मध्ये ९०२ होत्या. तीन वर्षांचं मूल काही नोकरीसाठी एकटं चाकणला येत नाही. हा फरक स्थलांतराने समजावता येत नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, आणि साक्षरता ८६ टक्क्यांच्या वर असलेल्या, दर चौकात दवाखाना असलेल्या जिल्ह्यात ही घसरण त्यानंतर झालेली आहे. विद्येचं माहेरघर म्हणताना हा तक्ता मला आठवतो आणि फार वाईट वाटतं. पुढच्या जनगणनेत मी सगळ्यात आधी हाच रकाना उघडणार आहे.

जन्मांचं प्रमाण मात्र सगळीकडेच उतरलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आली, शहरी भागात १.५. एक पिढी जाऊन दुसरी तेवढीच उभी राहायला २.१ लागतात. म्हणजे पुणे आता पाळण्यातून फारसं वाढत नाही, ते एसटी स्टँडवर आणि रेल्वे फलाटावर वाढतं. याचे परिणाम शहरात सारखे पसरलेले नाहीत. सहकारनगर, कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत मुलं परदेशी, सत्तरीचे दोघेच घरात, तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तुमच्याकडे वाघोलीत तिशीची जोडपी, एक मूल, पाळणाघर मिळत नाही. पेठेतल्या शाळेत वर्ग रिकामे, कडेच्या गावातल्या शाळेत एका वर्गात साठ. शहराची सरासरी काढून दरडोई शाळा आणि दरडोई खाटा मोजल्या, की दोन्हीकडची गैरसोय कागदावरून पुसली जाते. म्हणून कुणी मला ‘पुण्याला किती शाळा लागतील’ असं विचारलं की मी प्रभागनिहाय वयोगट मागते.

२०४१ चा प्रश्न. पाणीयोजनांच्या अहवालांत भविष्यातली लोकसंख्या काढायच्या दोन-तीन ठराविक रीती असतात. पिंपरी-चिंचवडवर त्यातल्या दोन लावून दाखवते. २००१ मध्ये १०,१२,४७२, २०११ मध्ये १७,२७,६९२. दहा वर्षांत ७.१५ लाखांची भर, टक्क्यांत ७१. अंकगणिती रीत म्हणते, दर दशकात ७.१५ लाखच वाढतील, मग २०४१ मध्ये सुमारे ३९ लाख. भूमितीय रीत म्हणते, दर दशकात ७१ टक्के वाढतील, मग २०४१ मध्ये सुमारे ८६ लाख. मूळ आकडे तेच, गणित दोन्हीकडे बरोबर, आणि उत्तरात ४७ लाख माणसांचा फरक. आता तो पाण्यात मांडा. माणशी रोज १३५ लिटर धरलं, तर दहा लाख माणसांना वर्षाला साधारण पावणेदोन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दारात पोचवावं लागतं, गळती वेगळी. ४७ लाखांना आठ टीएमसीहून जास्त. पवना धरणाचा उपयुक्त साठा साडेआठ टीएमसी आहे. म्हणजे कुठली रीत निवडली यावर एक अख्खं पवना धरण इकडचं तिकडे होतं.

आणि ते धरण रिकामं पडलेलं नाही. पुण्याच्या बाजूला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून सुमारे २९ टीएमसी. त्यावर शहराचा हक्क आहे तसा दौंड-इंदापूरच्या कालव्याचाही आहे. शहराने लोकसंख्या फुगवली की खालच्या तालुक्यांतल्या आवर्तनावर, म्हणजे शेतीला कालव्याने मिळणाऱ्या पाण्याच्या पाळीवर, गदा येते, आणि कमी दाखवली की तुमच्याकडे टँकर येतो. म्हणून मी या आकड्याला हात लावताना घाबरून वागते आणि नव्या मुलांनाही तेच सांगते.

मला स्वतःला पटणारी रीत तिसरी आहे. वयोगटांची. आज पाच वर्षांची असलेली मुलं पंधरा वर्षांनी वीस वर्षांची होतील, हे नक्की. किती जन्म, किती मृत्यू, हेही बऱ्यापैकी सांगता येतं. अनिश्चित उरतं ते फक्त येणं-जाणं, आणि ते रोजगारावर, भाड्यावर, रस्त्यावर ठरतं. हिंजवडीत, चाकणला, खराडीत काम किती, आणि मेट्रो कुठपर्यंत, यावर दोन-तीन शक्यता मांडायच्या आणि प्रत्येकीसाठी वेगळा आकडा द्यायचा. एकच आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्या अहवालावर माझा विश्वास नाही. तुम्हालाही २०४१ चा एक आकडा देत नाही, तो याच कारणाने.

तुमच्या अर्जासाठी मात्र पक्का आकडा हवा, आणि तो तुम्हीच काढू शकता. ६४० फ्लॅट गुणिले पाच असं लिहू नका. इमारतीची मंजुरी घेताना एका सदनिकेला पाच माणसं धरायची पद्धत आहे, त्याने ३२०० माणसं येतात. पाणी खात्यातल्या अनुभवी इंजिनिअरला हा फुगवटा लगेच कळतो, आणि मग अर्जातल्या बाकीच्या गोष्टींवरूनही त्याचा विश्वास उडतो. आधी किती फ्लॅट प्रत्यक्ष राहते आहेत ते बघा. गुंतवणूक म्हणून घेतलेले, कुलूपबंद फ्लॅट तुमच्या भागात कमी नाहीत. महिनोन् महिने वीजबिल जवळपास शून्य असेल तर ते घर रिकामं समजा. मग राहत्या घरांत माणसं किती, हे सोसायटीच्या नोंदवहीतून, भाडेकरूंसह. समजा, ५०० घरं राहती आणि घरटी सरासरी ३.२ माणसं निघाली, तर १६०० माणसं. १३५ लिटरने रोज २,१६,००० लिटर, म्हणजे दहा हजारांचे एकवीस-बावीस टँकर. गेल्या वर्षभराच्या टँकरच्या पावत्या सोबत जोडा. पावत्या आणि माणसं एकमेकांशी जुळली की अर्जाला वजन येतं. दिवसा येणाऱ्या कामवाल्या मावशी, सुरक्षारक्षक, माळी यांची नोंद वेगळी द्या. ती माणसं पाणी वापरतात, पण राहत नाहीत.

शेजारच्या सोसायट्यांनीही याच रीतीने हिशेब करून एकत्र अर्ज दिला तर जास्त बरं. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीची प्रभागरचनासुद्धा २०११ च्याच लोकसंख्येवर झाली होती, यावरून तुमच्या भागातली माणसं कागदावर किती जुनी आहेत ते कळेल. २०२१ ची जनगणना लांबत गेली, आणि आता जी होते आहे तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. २०२६ मध्ये घरांची यादी, मग माणसांची गणना. माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोयही या वेळी आहे. सचिव म्हणून तुम्ही दोन गोष्टी करा. प्रगणक बहुधा शाळेतल्या बाई किंवा गुरुजी असतात. त्यांना गेटवर ‘कुणाकडे जायचंय, फोन करून विचारतो’ म्हणत ताटकळत ठेवू नका, असं सिक्युरिटीला आधीच सांगून ठेवा. आणि भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींना सांगा की इथेच नाव द्या, त्याने गावचं मत किंवा रेशन जात नाही.

तुमच्या कंपाउंडच्या मागे नवीन प्रकल्पाचा लेबर कॅम्प असणार, तुमच्या भागात तो नसलेली सोसायटी मी फारशी पाहिलेली नाही. निळ्या-पांढऱ्या पत्र्यांच्या त्या खोल्यांतली कुटुंबं कुठल्याच सोसायटीच्या यादीत नसतात आणि काम संपलं की दुसऱ्या साइटवर जातात. प्रगणक आले की त्यांना तिकडची वाट दाखवा. आणि तुमच्या अर्जातही त्या खोल्या मोजून लिहा, कारण त्यांचा टँकरही त्याच विहिरीवर भरतो.